ऑनर फेल : काचेच्या वाटीत हाडं वाढवणाऱ्या बाई

मी साहित्याची विद्यार्थिनी. विज्ञान दहावीनंतर सुटलं. पण आमच्या हुबळी-धारवाडात मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल घेणाऱ्या मुली मी पाहते. गरोदरपणी हे औषध घेऊ नये, असा इशारा पाकिटावर छापलेला असतो. आपला चेहरा नितळ करणारं औषध पोटातल्या बाळाचा चेहरा कसा बिघडवतं? याचं उत्तर शोधताना मला ऑनर फेल यांची ओळख झाली.

त्यांचा जन्म २२ मे १९०० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा. नऊ भावंडांतलं हे शेंडेफळ. वडिलांना जनावरांचा लळा, तोच लेकीत उतरला. तेरा वर्षांची असताना ही मुलगी बहिणीच्या लग्नाला मुंगसासारखा दिसणारा आपला पाळीव फेरेट घेऊन गेली होती. पुढे एडिंबरात प्राणिशास्त्र शिकून फेल केंब्रिजला डॉ. स्ट्रेंजवेज यांच्या प्रयोगशाळेत आल्या. १९२६ मध्ये डॉक्टर अचानक वारले आणि प्रयोगशाळा बंद पडायची वेळ आली. ती कशीबशी टिकली. तिशी गाठण्याआधीच फेल तिच्या संचालक झाल्या, त्या थेट १९७० पर्यंत.

त्यांचं काम ऐकायला सोपं वाटतं. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भातून हाडाचा कोवळा तुकडा काढायचा आणि काचेच्या लहानशा वाटीत, गोठवलेल्या रक्तद्रवावर ठेवायचा. आश्चर्य म्हणजे तो तिथं वाढायचा. भोवती शरीर नाही, रक्त फिरत नाही, तरी मांडीचं हाड मांडीच्या हाडासारखाच आकार घ्यायचं.

इकडे अ जीवनसत्त्वाचं कोडं सुटत नव्हतं. १९३३ मध्ये टेक्ससमध्ये फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला हे जीवनसत्त्व नसलेला आहार दिला, तर तिला डोळेच नसलेली ११ पिल्लं झाली. पुढच्या प्रयोगांत फाटलेले ओठ आणि टाळूही दिसले. म्हणजे जीवनसत्त्व कमी पडलं तर गर्भ बिघडतो. मग जास्त झालं तर? एडवर्ड मेलनबी हे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे पहिले संचालक. त्यांच्यासोबत फेल यांनी वाटीतल्या हाडांना जादा अ जीवनसत्त्व दिलं. १९५२ मध्ये निष्कर्ष छापून आला : हाडाची कोवळी कूर्चा विरघळत जाते. वाटीत ना आई होती ना तिचं आजारपण. जीवनसत्त्व थेट हाडावरच काम करत होतं.

फेल एप्रिल १९८६ मध्ये गेल्या. पुढच्याच वर्षी पेशींमधला रेटिनॉइक आम्ल ओळखणारा ग्राहक सापडला. हे आम्ल शरीर अ जीवनसत्त्वापासून बनवतं. गर्भाचा मेंदू घडताना त्याच्या कडेच्या काही पेशी निघून चेहऱ्याकडे सरकतात, त्यांतून जबडा आणि गालाची हाडं होतात. कुठलं जनुक केव्हा जागं व्हायचं, यात या आम्लाचा हात असतो. मुरमांची कॅप्सूल म्हणजे त्याचंच भावंड. ती अमेरिकेत १९८२ मध्ये आली आणि १९८५ मध्ये एका अभ्यासात, गर्भात असताना हे औषध पोचलेल्या २१ बाळांत व्यंगं आढळली : कान लहान किंवा नसलेलेच, जबडा छोटा, टाळू फाटलेला, शिवाय हृदय आणि मेंदूचे दोष. चेहऱ्याची मांडणी साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात होते. तोवर कितीतरी बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

याचा अर्थ गाजर किंवा शेवग्याचा पाला टाळायचा, असा नाही. त्यांतल्या कॅरोटिनपासून शरीर गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व करून घेतं. कॅप्सूलचं तसं नाही, तिथं मात्रा बाहेरून येते. म्हणून ती हॉस्टेलच्या मैत्रिणीकडून मागून घेऊ नका. डॉक्टरांनी दिली असेल तर त्यांच्याशी मोकळेपणानं बोला. लग्न ठरलेलं असेल तर तेही सांगा, कारण औषध थांबवल्यावरही निदान महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात.