सुगम वाट नको म्हणणारे अमात्य

कोल्हापूरहून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या धारेवर असलेला गगनगड आज कोणीही सहज चढून जातो. बावड्याची ही जहागीर ज्यांच्या घराण्याकडे होती, त्या रामचंद्रपंत अमात्यांना ही सुगमता बहुधा रुचली नसती.

१६७४ च्या राज्याभिषेकसमयी पंत अष्टप्रधानांत तरुण मंत्री होते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीकडे निघाले. मागे राहिलेल्या महाराष्ट्राचा कारभार ‘हुकुमतपन्हा’ म्हणून पंतांवर आला. बादशहा स्वतः दक्षिणेत ठाण मांडून होता, खजिना रिता होता. आधार होता तो डोंगरी किल्ल्यांचा. गड जात होते, पुन्हा घेतले जात होते.

१७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंची सत्ता गेली, दुसरे संभाजी गादीवर आले. पंत या नव्या सत्तेच्या बाजूस राहिले. त्यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. १७१५ च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ त्यांच्याच नावे ओळखले जाते. त्यातील दुर्गप्रकरण अनुभवातून उतरलेले आहे : पाण्याची खात्री केल्याशिवाय किल्ला बांधू नये, एकाच दरवाजावर विसंबू नये, वाटा सोप्या ठेवू नयेत, गडाखालची झाडी राखावी.

पंतांची समाधी पन्हाळ्यावर आहे. गडावर आता थेट मोटार जाते.