रयतेची माउली लक्ष्मीबाई

कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच. परंतु त्यांच्या वसतिगृहातील चूल ज्या माउलीने पेटती ठेवली, तिची ओळख आपणांपैकी थोड्याच भगिनींना असेल. मंडळाच्या या वर्धापनदिनी तिचेच स्मरण करावे, असे मनात आले.

लक्ष्मीबाई सधन जैन घराण्यातल्या. लहान वयात लग्न होऊन त्या पाटलांच्या घरी आल्या, तेव्हा अंगावर भरपूर सोने होते आणि मनावर सोवळ्याओवळ्याचे संस्कारही तितकेच पक्के होते. यजमान मात्र निराळ्याच मुशीतले. कोल्हापुरात शिकत असता 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले. परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि राहत्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यावरचे छप्पर गेले म्हणजे काय होते, हे भाऊरावांनी असे स्वतः अनुभवले होते.

त्या काळी खेड्यातल्या मुलाला पुढे शिकावयाचे तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जावे लागे. तिथे राहावयाचे कुठे आणि जेवावयाचे कुठे? गरिबाच्या मुलाला खोलीचे भाडे परवडत नसे. अस्पृश्याच्या मुलाला तर पैसे देऊनही कोणी उंबऱ्याच्या आत घेत नसे. ज्यांना आईबाप नव्हते, त्यांची गोष्टच नको. शाळा होती, पण शाळेपर्यंत पोहोचविणारे घर नव्हते. ही अडचण ओळखून भाऊरावांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. महात्मा गांधी 1927 साली तिथे येऊन गेले.

भाऊराव घोंगडी खांद्यावर टाकून गावोगाव हिंडत, नवी मुले घेऊन येत. बाहेरचे काम त्यांचे. पण आणलेल्या मुलांच्या पोटात दोन घास घालावयाचे काम लक्ष्मीबाईंकडे आले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सारी मुले एका पंगतीला बसत. लहानपणापासून पाळलेले सोवळे सोडणे ही काही सोपी गोष्ट नव्हती. पण भुकेले पोर समोर उभे राहिले की त्याची जात विचारावयाची नाही, हे त्यांनी आपल्या मनाला शिकविले. आजाऱ्याच्या उशाशी बसावे, घरच्या आठवणीने रडणाऱ्याला जवळ घ्यावे, हे सारे त्या आईच्या मायेने करीत.

वसतिगृहाला ठरलेले उत्पन्न नव्हते. मुले स्वतः राबत, लोक धान्य देत. तरीही कणगी रिकामी होई. अशा वेळी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचा एकेक दागिना गेला. आणि एकदा भाऊराव गावी नसता घरात धान्याचा कण उरला नाही, तेव्हा त्या सौभाग्यवतीने गळ्यातले मंगळसूत्र देऊन मुलांसाठी धान्य आणविले. त्या काळच्या बाईला या गोष्टीचे काय वाटले असेल, हे आपण बायकांनीच जाणावे.

1930 साली लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेची मोठी हायस्कुले, कॉलेजे त्यांनी पाहिली नाहीत. पुढे 1940 साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. भाऊराव 1959 साली निवर्तले. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्षाचे आहे, आणि तिच्या शाखा वडाच्या पारंब्यांप्रमाणे पसरल्या. सोलापूरच्या महिला महाविद्यालयाला लक्ष्मीबाईंचे नाव दिलेले आहे.

एवढे मोठे काम एकट्याच्या बळावर झाले नाही. राजाने आसरा दिला, गावकऱ्यांनी जागा आणि धान्य दिले, मुलांनी श्रम दिले. खेड्यापाड्यांतल्या गृहिणींनी दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून संस्थेला दिले. तिची किंमतही मंगळसूत्राहून कमी लेखू नये.

आजही शिक्षणासाठी गाव सोडून आलेली मुले आपल्याच गल्लीत दिसतात. कोणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, कोणी पुलाखाली किंवा बांधकामावरच्या पत्र्याच्या आडोशाला राहून शाळेत जाते. त्यांना सोने नको आहे. संध्याकाळी अभ्यासाला बसावयास दिव्याखालची जागा आणि एक वेळचे गरम जेवण, एवढे पुष्कळ आहे. लक्ष्मीबाईंपाशीही आरंभी स्वतःचे स्वयंपाकघरच होते. तेवढे तर आपणा प्रत्येकीपाशी आहे.