गावावर हक्क सांगणारे डू बॉईस

ज्या गावात आपल्या बापजाद्यांना माणूस म्हणून मान मिळाला नाही, त्या गावाची ओढ लागावी काय? हा प्रश्न आमच्या चळवळीला नवा नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत भारतीय खेड्याची लक्तरे वेशीवर टांगली. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी निरुत्तर केले. तरीही मुंबईत दोन-तीन पिढ्या काढलेला आमचा माणूस मे महिना आला की कोकणची गाडी पकडतो. वाडीतल्या विहारासाठी वर्गणी काढतो, पडक्या घरावर कौले चढवतो. काही शिकलेल्या मंडळींना ही विसंगती वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगण्यासाठी आज आम्ही एका थोर माणसाचे आयुष्य वाचकांपुढे ठेवत आहोत.

विल्यम एडवर्ड बर्घार्ट डू बॉईस हे नाव आमच्या वाचकांना परके नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागत आहेत हे कळताच बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहून त्या निवेदनाची प्रत मागवली, ते हेच डू बॉईस. त्यांनीही त्याच वर्षी जुलैत उत्तर दिले आणि भारतातील अस्पृश्यांबद्दल सहानुभूती कळवली. समाजशास्त्रज्ञ, संपादक, संघटक म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु या विश्वमानवाने आयुष्यभर एक लहानसे गाव उराशी बाळगले होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्या गावाचे नाव ग्रेट बॅरिंग्टन. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला बर्कशायरच्या डोंगरांत, हूसाटॉनिक नदीच्या काठी ते वसले आहे. २३ फेब्रुवारी १८६८ रोजी डू बॉईस तेथे जन्मले. आईचे घराणे बर्घार्ट. या घराण्याचा मूळ पुरुष टॉम. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेला हा मुलगा एका डच वंशाच्या बर्घार्ट कुटुंबाचा गुलाम झाला आणि मालकाचेच आडनाव त्याला चिकटले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो शिपाई म्हणून गेला. त्यामुळेच त्याची गुलामी सुटली, असे घरात सांगत. पुढे त्याच्या वंशजांनी त्याच माळावर थोडीफार जमीन कसली आणि पिढ्यान् पिढ्या तेथेच घालवल्या. घरातली एक पूर्वज आफ्रिकी भाषेत एक गाणे गुणगुणत असे. ते पोरांच्या तोंडी बसले आणि डू बॉईस यांच्यापर्यंत पोचले. शब्दांचा अर्थ कुणालाच कळत नव्हता. भाषा हिरावली गेली, पण सूर उरला.

वडील आल्फ्रेड हे हैतीत जन्मलेले. मुलगा दोनेक वर्षांचा असतानाच ते घर सोडून गेले. आई मेरी सिल्व्हिना हिने मुलाला घेऊन आपल्या वडिलांचा, ऑथेलो बर्घार्ट यांचा, आसरा घेतला. एग्रेमाँट माळावरचे ते घर साधे, बुटके, चौकोनी. आत मोठी शेकोटीची खोली, बाहेर ओढा, विहीर आणि भलामोठा एल्म वृक्ष. डू बॉईस यांना आठवणारे पहिले घर ते हेच.

गावात कृष्णवर्णीयांची घरे मोजकीच होती. तेथे दक्षिणेसारखा उघड जुलूम नव्हता. मुलगा गोऱ्या मुलांबरोबर एकाच शाळेत बसला, खेळला, पहिला आला. पण एके दिवशी मुलामुलींनी आपापसांत भेटकार्डे वाटण्याचा खेळ काढला, आणि गावात नव्याने आलेल्या एका मुलीने त्याचे कार्ड घेण्यास नकार दिला. शिवी नाही, मारहाण नाही, नुसती एक नजर. आपण यांच्यातले नाही, आपल्या आणि यांच्यामध्ये एक पडदा आहे, हे त्या मुलाला त्या क्षणी कळले. शाळेत वेगळ्या रांजणातले पाणी प्यायलेल्यांना ही नजर समजावून सांगण्याची गरज नाही.

१८८४ साली ते शाळेची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढच्याच वर्षी आई वारली. गावातल्या व आसपासच्या चर्चनी त्यांच्या शिक्षणासाठी पैसे जमवले. यात चांगुलपणा होता, हे डू बॉईस कधी विसरले नाहीत. परंतु मुलाचे स्वप्न हार्वर्डचे असताना गावाने त्याला दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या फिस्क विद्यापीठात धाडले, हेही तितकेच खरे. पुढे ते स्वतःच्या हिमतीवर हार्वर्डला गेले, बर्लिनला जाऊन आले आणि १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. १९०३ साली ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हा ग्रंथ आला. १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारी राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९१० ते १९३४ पर्यंत त्यांनी तिचे ‘क्रायसिस’ हे मासिक चालवले.

गावी परतून राहणे त्यांना जमले नाही. मात्र घरातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू त्यांनी गावाशी बांधला. ते अटलांटात प्राध्यापक होते तेव्हाची गोष्ट. पहिला मुलगा बर्घार्ट १८९७ साली ग्रेट बॅरिंग्टनमध्ये जन्मला. १८९९ साली अटलांटात घटसर्पाने तो गेला. दीड-दोन वर्षांचे लेकरू! त्याला जॉर्जियाच्या तांबड्या मातीत ठेवण्याचे बापाचे मन झाले नाही. ज्या भूमीत जिवंत कृष्णवर्णीयांना झाडाला टांगले जाते, तिच्या हवाली पोर कसे करायचे? तो लहानसा देह शेकडो मैल उत्तरेकडे नेऊन त्यांनी गावच्या मातीत ठेवला. मुलगी योलांड हिचा जन्मही गावचाच, १९०० सालचा. १९५० मध्ये पत्नी नीना वारल्या, त्यांनाही तेथेच मुलाशेजारी विसावा मिळाला. पुढे योलांडलाही.

१९२८ साली डू बॉईस साठ वर्षांचे झाले. मधल्या काळात आजोबांचे घर ओस पडले होते. ते पाहून हा जगप्रसिद्ध माणूस लहान मुलासारखा हळवा झाला होता. मित्रांनी वर्गणी काढून ते घर विकत घेतले आणि वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या हाती दिले. त्यांनी ‘क्रायसिस’मध्ये त्या घरावर लेख लिहिला, डागडुजीचे बेत आखले. पण चळवळीच्या माणसाच्या हाती पैसा कुठला टिकणार? घर उभे राहिले नाही. अखेर १९५४ साली त्यांना ते विकावे लागले.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. १९३० साली शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात डू बॉईस भाषणाला उभे राहिले. सत्कार घ्यावा, जुन्या आठवणी सांगाव्यात, चार गोड शब्द बोलून निघावे, असाच रिवाज. त्यांनी नदीचा विषय काढला. कागदाच्या आणि लोकरीच्या गिरण्यांनी हूसाटॉनिकचे गटार केले होते. सारे गाव नदीकडे पाठ करून बसले होते. नदी स्वच्छ करा, तिच्याकडे तोंड करा, असे त्यांनी गावाला ऐकवले. पाहुणा असे बोलत नाही. उपकाराखाली दबलेला तर नाहीच नाही. असे बोलतो तो वाटेकरी! दोनशे वर्षे ज्या मातीत आमचा घाम मुरला, तिचे बरेवाईट आम्हीही ठरवणार, हा त्या बोलण्यामागचा अर्थ होता. गावची ओढ आणि गावापुढे शरणागती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे उघड होते.

पुढचा इतिहास कडवट आहे. शांततेचा प्रचार केला म्हणून १९५१ साली सरकारने त्यांच्यावर परकीय हस्तक असल्याचा खटला भरला. वय ८३! न्यायालयात आरोप टिकला नाही. तरी पुढे काही वर्षे त्यांना पारपत्र नाकारण्यात आले. १९६१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात प्रवेश करून, एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून, वयाच्या ९३ व्या वर्षी ते घानाला गेले. आफ्रिकेच्या विश्वकोशाचे काम हाती घेतले. पारपत्राचे नूतनीकरण झाले नाही, तेव्हा १९६३ साली ते घानाचे नागरिक झाले. टॉमला जेथून ओढून नेले होते, त्या पश्चिम आफ्रिकेत त्याचा वंशज स्वतःच्या पायांनी परतला होता. २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या ऐतिहासिक मोर्चात ती वार्ता जाहीर झाली. बायको, मुलगा, मुलगी बर्कशायरच्या डोंगरात आणि ते स्वतः समुद्रापलीकडे.

आणि गावाने काय केले? १९६९ साली घराच्या जागेवर स्मारक-उद्यान अर्पण करायचे ठरले, तेव्हा कम्युनिस्ट म्हणून, देश सोडून गेलेला म्हणून गावकऱ्यांपैकी अनेकांनी विरोध केला. तरीही कार्यक्रम झाला. १९७६ मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. पुढे नव्या शाळेला त्यांचे नाव देण्याची मागणी झाली, ती फेटाळली गेली. पण मागणी करणारे थकले नाहीत. २०२० साली गावातल्या माध्यमिक शाळेला त्यांचे नाव देण्याचा निर्णय झाला. जुलै २०२५ मध्ये मुख्य रस्त्यावरच्या ग्रंथालयासमोर त्यांचा पुतळा उभा राहिला. नामांतराचा लढा लढलेल्या आमच्या वाचकांना हा घटनाक्रम ओळखीचा वाटेल. नाव सहजासहजी मिळत नाही. ते मिळवावे लागते.

बाबासाहेबांनी खेडे नाकारले ते तेथील व्यवस्थेमुळे. माणसाला तेथे माणूस म्हणून जागा नव्हती म्हणून. तेथल्या ओढ्याशी, आईच्या आठवणीशी त्यांचे वैर नव्हते. गाव सोडणे हा स्वाभिमान होता. परंतु गाव सोडले म्हणजे गावावरचा वाटा सोडला, असे कोणी समजू नये. माणसे शहरात गेली की वाडीची वाट बुजते, स्मशानाची जागा दुसऱ्याच्या कुंपणात जाते, सातबाऱ्यावर भलतेच नाव चढते. नुसती हळहळ अशा वेळी कामाची नाही.

डू बॉईस गावाला विसरले नाहीत आणि गावापुढे वाकलेही नाहीत. मे महिन्यात गावी जाणाऱ्या आमच्या बांधवांनी विहाराला रंग जरूर द्यावा. पण त्याबरोबर तलाठ्याकडे जाऊन आपले कागद पाहावेत, ग्रामसभेत बसावे आणि पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा प्रश्न उभा करावा. गावाची माया अशीही करता येते.