रोमच्या ऑलिंपिकचा कंत्राटदार : पिअर लुईजी नेर्व्ही

१९६० चं रोम ऑलिंपिक म्हटलं की आपल्याला मिल्खा सिंग आठवतो. ४०० मीटरमध्ये चौथा आला, पदक अगदी थोडक्यात हुकलं. अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकणारा इथिओपियाचा अबेबे बिकिला आठवतो. बॉक्सिंगचं सुवर्णपदक घेणारा अठरा वर्षांचा कॅशियस क्ले आठवतो, म्हणजेच पुढचा महंमद अली. पण क्ले ज्या छताखाली लढला ते १०० मीटर व्यासाचं छत कोणी उभारलं, हे सहसा कोणी विचारत नाही. आपण इंजिनिअरिंगवाले, निदान आपण तरी विचारायला हवं!

त्या माणसाचं नाव पिअर लुईजी नेर्व्ही. जगभर त्याला काँक्रीटचा कवी वगैरे म्हटलं जातं. मला मात्र तो आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. तो डिझायनर होता आणि त्याच कामाचा कंत्राटदारही होता. कागदावर रेघ ओढताना त्या रेघेचं शटरिंग किती लाकूड खाणार, हे त्याला ठाऊक असायचं. कारण ते लाकूड त्याच्याच खिशातून यायचं.

नेर्व्हीचा जन्म २१ जून १८९१ चा, उत्तर इटलीतल्या सोंद्रिओ गावचा. १९१३ साली बोलोन्या विद्यापीठातून तो सिव्हिल इंजिनिअर झाला आणि काँक्रीटचं बांधकाम करणाऱ्या एका कंपनीत लागला. आरसीसी तेव्हा नवीनच होतं. पुस्तकं कमी, साईट जास्त. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, ती वर्षं सैन्याच्या इंजिनिअर दलात गेली. १९२० मध्ये त्याने भागीदारीत स्वतःची फर्म काढली आणि १९३२ मध्ये चुलतभाऊ बार्तोलीबरोबर दुसरी. पुढे आयुष्यभर हीच पद्धत : आपणच डिझाईन करायचं, आपणच टेंडर भरायचं आणि ठरल्या पैशात, ठरल्या दिवशी बांधून द्यायचं.

नाव झालं ते फ्लॉरेन्सच्या फुटबॉल स्टेडियममुळे (१९३० ते १९३२). प्रेक्षकांच्या डोक्यावर पुढे झेपावलेलं कँटिलिव्हर छत, समोर एकही खांब नाही. बाहेरच्या बाजूला हवेत वळत चढणारे सर्पिल जिने. प्लास्टर नाही, नक्षी नाही. जे काम करतंय तेच दिसतंय.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा मुसोलिनीच्या राजवटीचा काळ होता. ते स्टेडियम एका फॅसिस्ट कार्यकर्त्याच्या नावाचं होतं आणि नेर्व्हीची पुढची मोठी कामं म्हणजे हवाई दलाची हँगर्स. गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न त्याने फारसा विचारलेला दिसत नाही. त्याच्या कौतुकात हे झाकून ठेवणं मला पटत नाही.

पण इंजिनिअर म्हणून तो घडला तो याच हँगर्सवर. देशात लोखंडाची टंचाई, म्हणून काँक्रीटच्या आडव्या-तिडव्या बरगड्यांची जाळीदार कमान करायची ठरली. असं छत इतकं इनडिटरमिनेट, की हाताने सोडवता सोडवत नाही. कॉम्प्युटर तर नव्हताच. मग मिलानच्या प्रयोगशाळेत सेल्युलॉईडचं छोटं मॉडेल करून, त्यावर वजनं टाकून मापं घेतली. पहिली हँगर्स जागेवरच ओतली. त्यात दिसलं, की काँक्रीटपेक्षा लाकडी साचाच महाग पडतो. म्हणून १९३९ नंतरच्या हँगर्ससाठी त्याने बरगड्यांचे तुकडे जमिनीवर वेगळे ओतून घेतले आणि वर नेऊन सांधले. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ती सुरुंग लावून पाडली. ढिगाऱ्यात पाहिलं तर बहुतेक सांधे शाबूत! मोडले ते मधले भाग. प्रीकास्टवरचा त्याचा विश्वास यामुळे पक्का झाला असणार.

युद्धाच्याच वर्षांत त्याने फेरोसिमेंटवर काम केलं. बारीक तारेच्या जाळीचे थर घ्यायचे, त्यात सिमेंट-वाळूचं मॉर्टर दाबून भरायचं. दोन-तीन सेंटिमीटरचा पत्रा तयार होतो, तो वाकतो पण पटकन तडकत नाही. लांबो नावाच्या फ्रेंच माणसाने १८४८ मध्येच अशी होडी केली होती, पण ती कल्पना मागे पडली होती. नेर्व्हीने ती इमारतीत आणली. आधी खात्री म्हणून 'इरेने' नावाचं १६५ टनी जहाजही याच मालाचं बांधलं! आपल्याकडे वाड्या-वस्त्यांवर पावसाचं पाणी साठवायला फेरोसिमेंटच्या टाक्या बांधतात, त्या याच कुळातल्या.

आता रोमकडे येऊ. ऑलिंपिक रोमला मिळालं १९५५ मध्ये. हातात पाच वर्षं. देश युद्धातून नुकताच सावरलेला. आयोजकांनी जे होतं ते आधी वापरलं. कुस्त्या मॅक्सेन्शियसच्या बॅसिलिकात, म्हणजे सतराशे वर्षांपूर्वीच्या रोमन काँक्रीटच्या कमानींखाली. जिम्नॅस्टिक्स काराकालाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत. मुख्य स्टेडियम १९५३ पासून उभंच होतं. नवीन मैदानं शहराच्या उत्तरेला आणि दक्षिणेला अशी प्रामुख्याने दोन ठिकाणी घेतली आणि ती जोडायला नवा रस्ता केला. नव्या कामांतली चार नेर्व्हीकडे आली : दोन बंदिस्त क्रीडागृहं, एक फुटबॉल स्टेडियम आणि ऑलिंपिक ग्रामावरून जाणारा एक उड्डाणपूल.

त्यातलं सगळ्यात लहान मला सगळ्यात मोठं वाटतं. पालाझेत्तो देल्लो स्पोर्त, म्हणजे 'छोटा क्रीडामहाल'. वास्तुविशारद व्हितेलोत्झी, मुख्य स्टेडियमही त्यांचंच. घुमटाचा व्यास सुमारे ६० मीटर, प्रेक्षक चार-पाच हजार. १९५६ ला काम सुरू, १९५७ ला पूर्ण, ऑलिंपिकच्या तीन वर्षं आधीच!

हे कसं जमलं ते बघा. घुमटाची फेरोसिमेंटची सोळाशेच्या वर फरशीवजा तुकडे जमिनीवरच ओतून घेतले. बहुतेक तुकडे शंकरपाळीच्या आकाराचे. आकार मोजकेच, म्हणून साचेही मोजके आणि तेच पुन्हा पुन्हा वापरायचे. मग तुकडे परांचीवर शेजारी शेजारी मांडले. दोन तुकड्यांमध्ये जी पन्हळ राहते तिच्यात सळया टाकल्या आणि वरून काँक्रीट ओतलं. पन्हळीतलं काँक्रीट झालं बरगडी, वरचं झालं स्लॅब आणि खालचा तुकडा तिथेच राहिला. म्हणजे साचा काढायचाच नाही, साचाच छत होतो! आतून वर पाहिलं की सूर्यफुलासारखी जाळी दिसते. ती नक्षी म्हणून काढलेली नाही, बांधण्याच्या पद्धतीतून आपोआप उमटलेली आहे. घुमट सुमारे ४० दिवसांत चढला.

घुमट कडेला बाहेर ढकलतो, हे आपण थिअरीत शिकतो. नेर्व्हीने त्या ढकलण्याच्या दिशेतच ३६ तिरके वाय आकाराचे खांब लावले आणि खांबांच्या पायाशी जमिनीत प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचं गोल कडं घातलं. बळ कुठून कुठे जातं, ते रस्त्यावरच्या माणसालाही दिसतं.

क्लेचा सामना झालेला मोठा पालाझ्झो (१९५८ ते १९६०) दक्षिणेला, मुसोलिनीने १९४२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी आखलेल्या आणि युद्धामुळे अर्धवट राहिलेल्या वसाहतीत आहे. सहकारी वास्तुविशारद पियाचेंतिनी, त्या राजवटीचे लाडके. आत घुमट भव्य, पण बाहेरून काचेच्या सज्ज्याने खांब झाकलेत. मला तो धाकट्याइतका खरा वाटत नाही.

फ्लामिनियो स्टेडियम (१९५७ ते १९५९) त्याने मुलगा आंतोनियोबरोबर केलं. पायऱ्यांखालची जागा वाया न घालवता तिथे पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा बसवल्या. ऑलिंपिकचा फुटबॉलचा अंतिम सामना इथेच झाला. ऑलिंपिक ग्रामातली घरं खेळांनंतर सरकारी नोकरांना राहायला मिळाली. १५-२० दिवसांच्या सोहळ्यासाठी बांधताना पुढच्या पन्नास वर्षांचा विचार होता, हे लक्षात येतं.

नेर्व्हीच्या नावावर पुढेही बरंच आहे : पॅरिसचं युनेस्को मुख्यालय, मिलानचा पिरेली टॉवर, १९७१ मधलं व्हॅटिकनचं सभागृह. रोम विद्यापीठात त्याने वास्तुकलेच्या मुलांना पंधराएक वर्षं शिकवलंसुद्धा. ९ जानेवारी १९७९ ला तो रोममध्येच गेला.

आणि त्याच्या मैदानांचं पुढे काय झालं? फ्लामिनियोवर इटलीचे रग्बी सामने २०११ पर्यंत होत राहिले. नंतर ते बंद पडलं, पायऱ्यांत गवत उगवलं. २०१७ मध्ये त्याच्या जतनाचा आराखडा करायला अमेरिकेतल्या गेटी फाउंडेशनने अनुदान दिलं. म्हणजे उत्तम डिझाईन केलं की इमारत आपोआप जगते, असं नाही. तिला रोज कोणीतरी वापरावं लागतं आणि दुरुस्तीचे पैसे कोणीतरी द्यावे लागतात. उलटं उदाहरण माँट्रियलचं. १९७६ च्या ऑलिंपिकचं तिथलं स्टेडियमही प्रीकास्टच. पण त्याचा मनोरा पुरा व्हायला १९८७ उजाडलं आणि कर्ज फिटायला २००६. माल तोच, पण बांधायचं कसं आणि किती दिवसांत, याचा हिशेब आधी बसला नव्हता.

आपण चार वर्षं बेंडिंग मोमेंट काढतो, पण आपल्या बीमचं सेंटरिंग कसं लागेल, किती दिवसांनी निघेल, त्याचं लाकूड परत वापरता येईल का, हे आपल्याला कोणी परीक्षेत विचारत नाही. साईटवरचा मिस्त्री मात्र पहिल्याच दिवशी विचारतो. नेर्व्ही हे प्रश्न आधी सोडवायचा आणि आकार त्यातून काढायचा. पुढच्या साईट व्हिजिटला नुसते फोटो काढून परत येऊ नका. मिस्त्रीजवळ उभे राहा आणि साचा कसा लावलाय ते समजून घ्या.