पाखरांचे अभ्यासक सालिम अली

मंगळवेढ्याच्या शिवारात तुम्ही कधी गेला आहात काय? सोलापूर जिल्ह्यातील हा तालुका ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. जमीन काळीभोर, सपाट आणि खोल. झाडे थोडी. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर येथे रब्बीची ज्वारी उभी राहते. २०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. दुष्काळात बादशहाची कोठारे लोकांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा तुम्ही ऐकली असेल. ती याच गावची. कणसे भरू लागली की येथे पाखरांचे थवे उतरतात. भोरड्या तर ढगासारख्या येतात. मग शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतो आणि दिवसभर ओरडून त्याचा घसा बसतो.

याच शिवारात एखाद्या विहिरीवर वाकलेली बाभूळ पाहा. तिच्या फांद्यांना गवताचे खोपे लोंबत असतात. ते सुगरण पक्ष्याचे घर. सुगरण म्हणजे चांगला स्वयंपाक करणारी, घर नीट चालवणारी बाई. नाव असे असल्यामुळे हा खोपा मादीच विणते, असे पुष्कळांना वाटते. उर्दूत या पक्ष्याला बया म्हणतात आणि तो शब्द पुल्लिंगी आहे. येथे उर्दूचे बरोबर आहे. खोपा विणतो तो नर! ही गोष्ट काही जाणकारांना पूर्वीच ठाऊक होती. पण विणून झाल्यावर त्या वसाहतीत काय काय घडते, हे नीट पाहून लिहून ठेवले ते एका मुंबईकराने. त्यांचे नाव सालिम मोईजुद्दीन अब्दुल अली.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यामुळे भाच्याच्या हाती लहानपणीच छऱ्यांची बंदूक आली आणि घराजवळच्या चिमण्यांवर तो नेम धरू लागला.

सालिम नऊदहा वर्षांचा असेल. एका तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमण्यांचे घरटे होते. बाहेर नर पहारा देत होता. सालिमने त्याला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. सालिमने त्यालाही टिपले, तर तिसरा आला. सात दिवसांत असे आठ नर मेले आणि दर वेळी नवा नर पहाऱ्यावर हजर झाला! आज ही हकीकत वाचताना त्या चिमण्यांची कीव येते. पण मुलाने एक काम चांगले केले होते. पाहिलेले सगळे त्याने वहीत टिपून ठेवले होते. पुढे साठ वर्षांनी तेच टिपण पक्षिअभ्यासकांसाठी छापले गेले.

असाच एकदा त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीहून ही वेगळी दिसत होती. ही खावी की नाही, असा प्रश्न त्या मुलाला पडला आणि त्याने ती मामांना दाखवली. मामांनाही उत्तर सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झाली आहे. तिचे चिटणीस मिलर्ड हे इंग्रज गृहस्थ. मुलगा भीत भीत आत गेला. मिलर्ड यांनी चिमणी तर ओळखलीच. शिवाय कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. एवढ्या जातींची पाखरे आपल्या देशात असतात, हे त्याला त्या दिवशी कळले.

शाळेत मात्र सालिम काही हुशार विद्यार्थी नव्हता. डोकेदुखीने तो हैराण असे. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. कॉलेजात गणिताने त्याला घाबरवले. शेवटी ते सोडून तो ब्रह्मदेशात भावाच्या धंद्यात गेला. तेथे खाणीपेक्षा आणि लाकडापेक्षा जंगलातील पाखरांकडेच त्याचे लक्ष जास्त! धंदा बुडाला. परत आल्यावर सालिम अलींनी मुंबईत प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १९१८ साली तहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना प्राणिविभाग समजावून सांगण्याची नोकरी मिळाली. पुढे रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिन येथे श्ट्रेझेमान या मोठ्या पक्षितज्ज्ञांच्या हाताखाली शिकले.

बर्लिनला जाऊन त्यांनी काय मिळवले, हे समजण्यासाठी त्या काळचे पक्षिशास्त्र कसे होते ते पाहावे लागेल. पक्षी मारायचा, कातडे सोलून पेंढा भरायचा, मापे घ्यायची, नाव द्यायचे आणि खणात ठेवायचा, अशी रीत होती. ही रीत निरुपयोगी नव्हती. जाती ओळखल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. पण खणातला पक्षी काय खातो, घरटे कसे बांधतो, त्याचे शत्रू कोण, हे सांगू शकत नाही. हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ साली सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या संबंधांच्या अभ्यासाला एक वेगळे नाव दिले होते. मराठीत आपण त्याला परिस्थितिकी म्हणतो. १९३५ साली टॅन्स्ले या इंग्रज शास्त्रज्ञाने परिसंस्था ही कल्पना मांडली. माती, पाणी, हवा, गवत, किडे, पाखरे, जनावरे, सगळी एका व्यवहारात बांधलेली असतात, असे तिचे सार आहे. सालिम अली या दोन काळांच्या सीमेवर उभे होते. त्यांच्या हातून बंदूक कधी पूर्णपणे सुटली नाही. पण त्यांचे खरे काम दुर्बीण आणि वही यांनीच झाले.

१९३० साली ते परत आले, तेव्हा म्युझियममधील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती. पदरी नोकरी नाही. मुंबईत राहणे परवडेना. मग पतिपत्नी अलिबागजवळ किहीम येथे समुद्रकाठच्या घरात राहायला गेली. पावसाळा आला आणि घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत सुरू झाली. बेकार माणसाकडे वेळ भरपूर असतो! सालिम अली रोज तासन् तास लपून बसू लागले आणि दिसेल ते टिपू लागले.

त्यांना काय दिसले ते पाहा. नर गवताच्या चिरलेल्या पात्यांनी खोपा विणू लागतो आणि अर्ध्यावर थांबतो. तेव्हा खोपा उलट्या टोपीसारखा दिसतो. त्यात एक आडवा पट्टा असतो. मग माद्या येतात. त्या पट्ट्यावर बसतात, आत डोकावतात, चोच मारून पाहतात. नर पंख फडफडवून गलका करतो. घर पसंत पडले नाही तर मादी निघून जाते आणि तो खोपा तसाच पडून राहतो. पसंत पडले तर ती राहते. मग नर लांब नळीसारखी वाट विणून खोपा पुरा करतो. मादी अंडी घालून एकटीच उबवू लागते. नर मात्र तेथे थांबत नाही. तो शेजारी दुसरा खोपा सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एका हंगामात एका नराची अशी दोनतीन घरे होऊ शकतात. फांदीवर अर्धवट खोपे का लोंबतात, या कोड्याचे उत्तर असे मिळाले. हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या शास्त्रज्ञांचे लक्ष त्याकडे गेले. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही की मोठा खर्च लागला नाही.

तुम्हांलाही हा अभ्यास करता येईल. एकच विहीर आणि एकच झाड निवडा. दहा झाडे निवडाल तर एकही नीट पाहून होणार नाही. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, ठरलेली वेळ ठेवा. वहीत आधी तारीख, वेळ, पाऊस आणि वारा लिहा. पुरे खोपे किती, अर्धे किती, ते मोजा. पाहिलेले एका बाजूला लिहा आणि त्यावरून तुम्हांला काय वाटले ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही कधी मिसळू नका. एखाद्या दिवशी काहीच घडले नाही तर तेही लिहा. खोप्याला हात लावू नका आणि विहिरीच्या काठावर वाकू नका. हंगाम संपल्यावर गळून पडलेला खोपा मात्र उचलून उकलायला हरकत नाही. आत मातीचे गोळे चिकटवलेले दिसतील. सुगरण त्यात काजवे खोचून रात्री दिवा लावते, अशी समजूत आहे. काजवे सापडतात का, ते तुम्हीच शोधा.

अशा वहीचा शेतकऱ्यालाही उपयोग होतो. ज्वारी खाणारा पक्षी तो शत्रू, असे माळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला वाटणारच. पण हीच सुगरण पावसाळ्यात आपल्या पिलांना नाकतोडे आणि अळ्या भरवते. भोरड्याही नाकतोडे आणि टोळ फस्त करतात. म्हणून पाखराचा हिशेब एका महिन्याचा करून चालत नाही, सबंध वर्षाचा करावा लागतो. पक्षी आणि शेती यांच्या या संबंधावर सालिम अलींनी बराच भर दिला.

किहीमनंतर त्यांनी संस्थानिकांपुढे एक योजना मांडली. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तुम्ही द्या, मी पगार न घेता तुमच्या राज्यातील पाखरांची पाहणी करतो, अशी ती योजना होती. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, म्हैसूर अशा अनेक संस्थानांत त्यांनी काम केले. आजचा मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. तंबूतल्या या कष्टाच्या दिवसांत तहमिना बेगम त्यांच्याबरोबर असत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सालिम अलींना हा घाव फार लागला. नंतर ते बहीण आणि मेहुणे यांच्याकडे राहिले आणि पुन्हा त्यांनी लग्न केले नाही.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. ते इतके सोपे होते की सामान्य माणूसही खिडकीबाहेरचा पक्षी ओळखू लागला. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी दहा खंडांचा मोठा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला. माणूस मोठा हौशी. मोटारसायकलचे त्यांना वेड होते. १९५० साली स्वीडनमधील पक्षितज्ज्ञांच्या परिषदेला जाताना त्यांनी आपली मोटारसायकल जहाजाने युरोपात नेली होती!

राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाची निवड व्हावी, असे त्यांना वाटत होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून माळढोकाचे अभयारण्य आहे. या पक्ष्याला उघडा, गवताळ माळ लागतो. मादी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. माळ म्हणजे ओसाड जमीन असे समजून लोकांनी माळ नांगरले, कुठे दाट झाडे लावली, आणि माळढोकाची जागा गेली. आता नान्नजला हा पक्षी क्वचितच दिसतो.

राजस्थानात भरतपूरची पाणथळ जागा सालिम अलींना विशेष प्रिय होती. स्वातंत्र्यानंतर तेथील पाणी शेतीकडे वळवण्याची मागणी झाली, तेव्हा त्यांनी आपले वजन खर्च करून ती जागा वाचवली. तेथे त्यांच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून त्यांना सोडण्यात आले. त्यांतील काही कडी सायबेरियात आणि मध्य आशियात सापडली. बदके किती लांबून येतात याचा तो पुरावा होता.

तेथे आसपासच्या गावांच्या म्हशी चरत असत. म्हशींमुळे पाखरांना त्रास होतो, चराई बंद करावी, असे वनखात्याचे मत होते. सालिम अलीही त्याच मताचे होते. १९८२ साली चराईवर बंदी आली. गावकरी चिडले. पोलिसांच्या गोळीबारात काही माणसे प्राणांस मुकली. त्याच सुमारास सालिम अलींच्याच सोसायटीचे तरुण शास्त्रज्ञ तेथे दीर्घ अभ्यास करत होते. दहा वर्षे त्यांनी पाणी, गवत, मासे, पाखरे आणि जनावरे यांची मोजदाद केली. म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि बदकांना जागा उरली नाही, असे त्यांच्या आकड्यांनी दाखवले. म्हशी त्या परिसंस्थेचाच भाग झाल्या होत्या.

सालिम अलींना १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण मिळाले आणि १९८५ साली राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. भरतपूरच्या अभ्यासाचा शेवटचा अहवाल त्यानंतर १९९१ साली निघाला. आपल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष सोसायटीने त्यात जसाच्या तसा छापला. भरतपूरच्या गावकऱ्यांना पुढे आत जाऊन गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली.