सोलापूरचे डॉ. कोटणीस: गेले जखमा शिवायला, राहिले कायमचे

सोलापुरात नवी पेठेत खरेदीला गेलात तर थोडी वाट वाकडी करा आणि भैय्या चौकात जाऊन या. तिथे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचं घर आहे, आता त्याचं स्मारक झालंय.

जन्म १० ऑक्टोबर १९१०. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती, तेवढ्यात १९३८ साली काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनकडे पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. कोटणीसांनी नाव दिलं, तेव्हा वय होतं २७.

तिथे रोज समोर यायचे ते गोळ्यांनी, बॉम्बच्या तुकड्यांनी फाटलेले हातपाय. पेनिसिलिन अजून बाजारात यायचं होतं. आधी रक्त थांबवायचं, मग जखम सडू द्यायची नाही. १९४० च्या एका लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असं सांगतात.

अशा जखमेत हाड जुळतं, कातडीही भरून येते. खरा घोळ होतो तो चेतातंतूंचा, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूचे निरोप बोटांपर्यंत नेणाऱ्या दोऱ्यांचा. तुटलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलीमीटर वाढतो. जखम मांडीत असेल तर पावलापर्यंत पोचायला वर्ष सहज उलटतं, आणि तोवर स्नायू सुकतात. मधलं अंतर मोठं असेल तर तंतू वाटच चुकतो. आज दोन टोकांमध्ये बारीक नळी बसवून तिच्यात स्टेम सेल सोडण्याचे प्रयोग चालू आहेत. या पेशी वाढीला मदत करणारे घटक सोडतात. पण हे अजून प्रयोगच आहेत, जाहिराती काहीही म्हणोत! कोटणीसांच्या हाती होते सुई, दोरा आणि हात.

जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे सर्जन. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, त्यातून रक्तात विष पसरलं आणि १९३९ मध्ये ते गेले. १९४१ च्या अखेरीस कोटणीसांनी तिथल्याच परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

मुलगा चार महिन्यांचाही नव्हता, तेव्हा अपस्माराचे झटके येऊन ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस वारले, अवघ्या ३२ व्या वर्षी. पुढे यिनहुआही वैद्यकशास्त्र शिकत असतानाच, १९६७ मध्ये गेला. गुओ छिंगलान २०१२ पर्यंत होत्या.