हेल्मेट डोक्यावर आणणारा डॉक्टर: कोण होते ह्यू केर्न्स?

यवतमाळ जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. एक नागपूर-हैदराबाद, वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरीवरून. दुसरा नागपूर-तुळजापूर, कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेडवरून. कॉलेजला, क्लासला किंवा शेतावर निघालेल्या पोरांच्या गाडीवर या रस्त्यांवर हेल्मेट दिसतं, पण बऱ्याचदा ते आरशाला अडकवलेलं असतं. पुढे पोलीस दिसले की डोक्यावर येतं आणि चौक ओलांडला की परत आरशावर जातं.

हेल्मेट म्हणजे दंड वाचवायची वस्तू, असा आपला समज झालाय. पण ते सक्तीचं झालं ते दंड वसूल करण्यासाठी नाही. त्यामागे मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा एक डॉक्टर होता. त्याचं नाव सर ह्यू केर्न्स.

केर्न्स यांचा जन्म १८९६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावचा. ॲडलेडला वैद्यकीचं शिक्षण झालं, पहिल्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलात नोकरी झाली. मग ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले. तेव्हा मेंदूची शस्त्रक्रिया हे शास्त्र अगदी बाल्यावस्थेत होतं. ते शिकायला केर्न्स १९२६ मध्ये अमेरिकेत बोस्टनला हार्वे कुशिंग यांच्याकडे गेले. कुशिंग म्हणजे या शास्त्राचे आद्य गुरू. तिथून परतल्यावर केर्न्स यांनी लंडनमध्ये नाव कमावलं.

१९३५ च्या मे महिन्यात त्यांना एका रुग्णासाठी बोलावणं आलं. रुग्ण होता टी. ई. लॉरेन्स, म्हणजेच जगाला माहीत असलेला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'. पहिल्या महायुद्धात अरबांच्या उठावात लढलेला हा माणूस पुढे नाव बदलून हवाई दलात साधा शिपाई झाला. १९२७ मध्ये त्याची नेमणूक कराचीला होती, आणि कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. त्याला मोटारसायकलचं प्रचंड वेड. ब्रॉ सुपिरियर या त्या काळच्या महागड्या, वेगवान गाड्या त्याने एकामागून एक घेतल्या.

१३ मे रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये तो घराकडे परतत होता. अरुंद रस्त्यावर अचानक सायकलवरची दोन मुलं समोर आली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे रोजी त्याचा मृत्यू झाला. वय ४६.

लॉरेन्स नवशिका नव्हता. वर्षानुवर्षं गाडी चालवून त्याचा हात पक्का बसला होता. तरी चूक असो वा नसो, पडल्यावर डोकं आणि रस्ता यांच्यामध्ये काहीच नव्हतं. केर्न्स यांच्यासारखे डॉक्टर हजर असूनही उपयोग झाला नाही, कारण मेंदूची जी हानी व्हायची ती पहिल्या आघातातच झाली होती.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा केर्न्स ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. तिथल्या सेंट ह्यूज कॉलेजच्या इमारतीत डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी रुग्णालय उघडलं. सैन्यात निरोप पोहोचवायला मोटारसायकलस्वार लागत. युद्धामुळे रात्री सगळीकडे अंधार. बंदुकीची गोळी न लागताही ही माणसं मरत होती.

केर्न्स यांनी उपदेश केला नाही, मोजणी केली. १९४१ मध्ये त्यांनी आकडे छापले. युद्धाआधीच्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर १,८८४ मोटारसायकलस्वार मेले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९. पेट्रोलचं रेशनिंग असूनही मृत्यू २१ टक्क्यांनी वाढले होते. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना फक्त सात सापडले, आणि ते सातही जण वाचले होते. सात हा आकडा छोटा, पण इशारा स्पष्ट होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

त्यांचे सहकारी, भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी जिलेटिनचा मेंदू बनवून दाखवलं की कवटी फुटली नाही तरी डोकं झटक्यात फिरलं की आतला मऊ मेंदू फाटतो. बाहेरून जखम नाही म्हणजे काही झालं नाही, हा समज म्हणूनच धोक्याचा. १९४६ मध्ये केर्न्स यांनी पुन्हा आकडे मांडले तेव्हा मृत्यू उतरल्याचं दिसलं.

१९५२ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचं निधन झालं. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी हेल्मेटचा कायदा आला तो १९७३ साली. पुरावा छापल्यापासून ३२ वर्षांनी.

आपल्याकडे कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचं आहे. तरी २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते.

नवं लायसन्स हातात आलेल्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हेल्मेट आयएसआय चिन्हाचं घ्या. आतला थर्मोकोलसारखा थर स्वतः चेपून आघात झेलतो, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. आणि हनुवटीखालचा पट्टा लावा, नाहीतर पडताना डोक्याआधी हेल्मेट निघून जातं.

आणखी एक. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं. त्याहून मोठी गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गावातल्या गावात जायचंय, दोन मिनिटांचं काम आहे, असं वाटेल तेव्हा लॉरेन्स आठवावा. तोही जवळच्या छावणीतून घरीच परतत होता.